बिनपावाचं ऑम्लेट

डॉक्टरांनी ‘कार्ब कमी करा’ म्हटलं की माणूस आधी अंड्याकडे बघतो, आणि ते बरोबरच आहे. एका अंड्यात ६ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, ५ ग्रॅम चरबी आणि कर्बोदकं जेमतेम अर्धा ग्रॅम. तेव्हा लो-कार्ब ऑम्लेट ही काही मुद्दाम शोधून काढायची पाककृती नाही. ऑम्लेट जन्मतःच लो-कार्ब आहे. भानगड असते ती बशीच्या दुसऱ्या बाजूला. भुर्जीच्या गाडीवर खा, इराण्याकडे खा, लांब पल्ल्याच्या रेल्वेत खा नाहीतर रविवारी घरी खा, ऑम्लेट आपल्याकडे एकटं येतच नाही. सोबत लादीपाव असतो, ब्रेड असतो, काहीच नसलं तर डब्यातली पोळी असते. पोट भरायचं ते पावाने, ऑम्लेट तोंडी लावायला.

आता यातला पाव काढून घ्या. उरतं काय? दोन अंड्यांचं, कांदा-मिरची घातलेलं, तिखटमीठ सणसणीत असलेलं एक पातळ पोळं. चार घासांत संपतं, तोंड खारट होतं आणि तासाभरात माणूस फरसाणाचा डबा उघडतो. ‘अंड्याने पोटच भरत नाही हो!’ हे गाऱ्हाणं मी इतक्यांदा ऐकलंय, त्याचं मूळ इथे आहे. अंड्याचा काही दोष नाही. पावासाठी बेतलेलं ऑम्लेट पावाशिवाय खाल्लं, एवढंच. त्यातलं मीठ, तिखट, तेल, जाडी, सगळं पावाच्या हिशेबाने ठरलेलं असतं. पाव गेला की ऑम्लेट पहिल्यापासून नव्याने बेतावं लागतं. माझं सध्या तेच चाललंय.

माझा एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, ६.१ आला. ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटिस, ६.५ पासून पुढे मधुमेह. आपल्या बोलण्यात ‘बॉर्डरलाइन’. पूर्वी लग्नकार्यात दहावीचे टक्के विचारायचे, तसा आता हा आकडा विचारतात, आणि सांगितला की लगोलग सल्ले सुरू. महाराष्ट्रात आहार म्हणजे जवळजवळ संप्रदायच झालाय. डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडलेलं आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घरोघरी पोहोचवलेलं ‘दिवसातून दोनदाच, पंचावन्न मिनिटांत’ हे सूत्र माझ्या निम्म्या नातेवाइकांनी कधी ना कधी पाळलेलं आहे. एक मावसभाऊ तर समोर घड्याळ ठेवून जेवतो आणि चोपन्नाव्या मिनिटाला हमखास श्रीखंड मागतो.

दुसरा ठरलेला सल्ला म्हणजे गहू सोडा, ज्वारीची भाकरी खा. भाकरी मलाही प्रिय आहे. पिठलं-भाकरीपुढे मी कुठलंही ऑम्लेट ओवाळून टाकीन. पण औषध म्हणून ती खाणाऱ्यांनी ज्वारीच्या पिठाचे आकडे एकदा बघावेत. १०० ग्रॅममागे ६५-७० ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे कणकेच्या तोडीस तोड. आयसीएमआर-इंडियाब ही जी देशभरातली मोठी पाहणी आहे, तिने २०२३ मध्ये भारतात दहा कोटींहून जास्त मधुमेही असल्याचं सांगितलं होतं. तिचेच आहाराबद्दलचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले. आपल्या रोजच्या उष्मांकांतले ६२ टक्के कर्बोदकांतून येतात, आणि मैदा-तांदळाच्या जागी नुसती कणीक किंवा भरड धान्याचं पीठ आणलं, पण एकूण कर्बोदकं तेवढीच ठेवली, तर धोका काही कमी झालेला दिसत नाही. उष्मांकांतले पाच टक्के कर्बोदकांकडून काढून डाळी, दूधदुभतं, अंडी किंवा मासे यांच्यातल्या प्रथिनांना दिले, तर मात्र तो कमी दिसतो. दूधदुभतं आणि अंडी! म्हणजे चीज ऑम्लेटच की.

कर्बोदकं कमी करायची ही कल्पनाही काही आजची नाही. राजघराण्यातल्या अंत्ययात्रांची व्यवस्था बघणाऱ्या लंडनच्या घराण्यातला विल्यम बँटिंग नावाचा एक लठ्ठ गृहस्थ होता. पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे सोडून आपण कसे रोडावलो, याची पुस्तिका त्याने १८६३ साली छापली आणि ती धडाधड खपली. (१९२१ साली टोरांटोत इन्शुलिनचा शोध लावणाऱ्यांतही एक बँटिंगच होता, फ्रेडरिक. आडनावांचेही योग असतात.) गंमत म्हणजे विल्यमच्या न्याहारीत मांस, मासे, बिनदुधाचा चहा असं सगळं असून कोरड्या टोस्टचा एक छोटा तुकडा टिकून होताच. पाव असा सुखासुखी सुटत नाही.

तर स्वयंपाकघरात येऊ.

पाव काय काय करत होता ते आधी बघावं लागतं. तो पोट भरत होता, चावायला काहीतरी देत होता, तिखटमीठ सौम्य करत होता आणि ऑम्लेटला सुटलेलं तेल-पाणी टिपून घेत होता. ही चारही कामं आता भाजीने करायची. म्हणून माझ्या ऑम्लेटमध्ये भाजी अंड्यापेक्षा जास्त असते. दोन अंड्यांना चिरलेली भाजी चांगल्या दोन वाट्या. परतल्यावर ती बसून एक वाटी होते, तेव्हा आकडा ऐकून घाबरायचं कारण नाही. पालक, मशरूम, ढबू मिरची, कोबी, पातीचा कांदा यांतलं जे घरात असेल ते. बटाटा, मका आणि मटार बाहेर. गाजर किसून चमचाभर, रंगापुरतं. कांद्यावर काही लोक उगाच राग धरतात. १०० ग्रॅम कांद्यात ९ ग्रॅम कर्बोदकं असतात हे खरं, पण एका ऑम्लेटमध्ये १०० ग्रॅम कांदा घालतं कोण? अर्धा कांदा घाला आणि सुखाने खा. कांद्याशिवाय ऑम्लेट म्हणजे मला तरी आजारपणातलं जेवण वाटतं.

खरी अडचण पाण्याची. मशरूम काय, पालक काय, दहातले नऊ भाग पाणीच. कच्चीच भाजी फेटलेल्या अंड्यात ढवळून तव्यावर ओतली, की अंडं शिजता शिजता भाजी पाणी सोडते. मग वरून गिळगिळीत, खालून करपलेलं आणि बशीत हिरवट तळं. पाव असता तर त्याने ते टिपलं असतं. आता टिपायला कोणी नाही, म्हणून भाजी आधी वेगळी परतून कोरडी करायची. हे काम मी बिडाच्या तव्यावर करते. तवा चांगला तापला की थेंबभर तेल आणि मशरूमचे काप, एकावर एक न पडतील असे पसरून. पहिलं मिनिटभर काहीच होत नाही. मग त्यांना पाणी सुटतं आणि चरचर जाऊन रटरट सुरू होते. काप लहान, काळपट, ओलेकिच्च दिसायला लागतात. या वेळी पुष्कळजण घाबरून गॅस बारीक करतात. तो करायचा नाही. पाणी आटत येतं तशी रटरट विरळ होते आणि एका क्षणी पुन्हा चरचर ऐकू येते. त्या आवाजानंतर मिनिटाभरात कडा तांबूस होतात आणि मशरूमचा तो मातकट वास जाऊन भाजल्याचा खमंग वास येतो. मीठ त्यानंतर. आधी घातलं तर पाणी लवकर सुटतं आणि भाजण्याऐवजी ते उकडत बसतात. मग ढबू मिरची आणि कांदा, शेवटी पालक. मूठभर पालक तव्यावर पडतो आणि पापणी लवते न लवते तोच चमचाभर उरतो. टोमॅटो घालायचाच असेल तर बिया आणि गर काढून नुसत्या सालीकडच्या भागाचे तुकडे. त्यात कर्बोदकं फारशी नसतात. भीती त्याच्याही पाण्याचीच.

भाजी परतायच्या आधीच अंडी फोडून, मीठ घालून, काट्याने फेटून ठेवते. भाजी होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं जातातच. तेवढ्यात फिकट पिवळं, फेसाळ मिश्रण गडद केशरी आणि जरा पारदर्शक होतं. मिठामुळे अंड्यातली प्रथिनं तापल्यावर एकमेकांना तितकी घट्ट आवळत नाहीत, त्यामुळे ऑम्लेट लुसलुशीत राहतं आणि पाणी धरून ठेवतं. दूध घालत नाही. चमचाभर दुधाने कर्बोदकांचा हिशेब बिघडतो म्हणून नव्हे. गरजच नसते म्हणून. मिठाचं प्रमाण मात्र पावाच्या दिवसांतल्यापेक्षा निम्मं, कारण पुढे चीज येणार आहे. मिरचीही दोनाऐवजी एक. हळद चिमूटभर, कोथिंबीर सढळ.

अंड्याला आच मंद लागते. पांढरा भाग ६०-६५ अंश सेल्सिअसपासूनच घट्ट व्हायला लागतो, पिवळा त्याच्या थोडं वर. पाण्याला उकळी फुटायच्या कितीतरी आधी अंड्याचं काम झालेलं असतं. त्यापुढे तापवलं की प्रथिनं स्पंज पिळल्यासारखी आवळतात आणि धरलेलं पाणी टाकून देतात. गाडीवाला दणदणीत ज्वाळेवर करतो ते त्याला शोभतं. त्याचं पोळं पातळ, त्याला कुरकुरीत कडा हवी असते, आणि पुढे पाव आहेच. आपलं भरलेलं, जाड ऑम्लेट त्या आचेवर नासतं. पॅनमध्ये चमचाभर तूप, मंद आच, अंडी ओतायची, कडा धरायला लागल्या की उलथन्याने त्या आत ओढून पॅन तिरका करायचा, म्हणजे वरचं पातळ अंडं खाली जातं. वरचा भाग अजून ओलसर असताना अर्ध्या भागावर आधी थोडं किसलेलं चीज, त्यावर कोरडी झालेली भाजी, त्यावर पुन्हा चीज. खालचं चीज भाजीला अंड्याशी चिकटवतं, वरचं चीज घडीच्या वरच्या अर्ध्याशी. नुसतं वर भुरभुरवलं तर घडी घालताना भाजी बाजूने पळून जाते. घडी घालायची, गॅस बंद, वर झाकण. दोन मिनिटांनी उघडायचं.

चीजबद्दल लोकांच्या मनात फार गोंधळ आहे. दुधात साखर असते, लॅक्टोज. एक कप दुधात १० ग्रॅमच्या आसपास. मग दुधाचं चीज कसं चालतं? तर दूध विरजून, रेनेट (दूध साकळवणारं विकर) घालून ते घट्ट गोठवतात तेव्हा बहुतेक लॅक्टोज निवळीबरोबर वाहून जातं, आणि उरलेलं विरजणातले जिवाणू खाऊन त्याचं आम्ल करतात. जे हाती येतं त्यात प्रथिनं, चरबी, कॅल्शियम आणि मीठ. साखर नावापुरती. आपल्याकडच्या फ्रिजात बहुधा असतं ते प्रोसेस्ड चीज, अमूलचं क्यूब म्हणा किंवा मंचरच्या कारखान्यातलं गो. परदेशी चीजची भक्ती करणारे त्याला नाकं मुरडतात. मला विचाराल तर ऑम्लेटला तेच बरं. त्यात घातलेल्या इमल्सिफायर क्षारांमुळे ते तापलं तरी तेल वेगळं आणि गोळा वेगळा असं होत नाही, सरसरून वितळतं. मोझरेला तार सुंदर देतं पण चवीला बेताचंच, आणि ऑम्लेट गार झालं की रबर. २५ ग्रॅमचं एक क्यूब किसलं की एका ऑम्लेटला पुरतं. त्यातून ५ ग्रॅम प्रथिनं मिळतात. फक्त पाकीट उलटून वाचायची सवय हवी. स्वस्तातल्या किसलेल्या चीजच्या पाकिटांवर बारीक अक्षरात ‘ॲनालॉग’ छापलेलं असतं. त्यात दुधाच्या चरबीऐवजी वनस्पती तेल आणि पुष्कळदा स्टार्च. म्हणजे पुढच्या दाराने पाव घालवायचा आणि मागच्या दाराने पिठूळपणा घरात घ्यायचा.

आमच्या घरात चीजला हिरवा ठिपका आहे म्हणून ते फ्रिजच्या मुख्य कप्प्यात राहतं आणि अंडी दारातल्या झाकणाच्या खणात. अंड्याचा पॅन वेगळा, उलथनं वेगळं, ते घासायची घासणीही वेगळी. सगळं कोरड्या बाल्कनीतल्या कपाटात. सासूबाईंना वास सहन होत नाही, पण त्यांनी कधी ‘घरात नको’ म्हटलं नाही. मी ऑम्लेट करायला घेतलं की त्या शांतपणे पंख्याचं बटण दाबतात आणि हॉलमध्ये जाऊन बसतात. त्यांच्यासाठी असतं टोमॅटो ऑम्लेट, म्हणजे आपलं उपाहारगृहातलं बेसनाचं, ज्यात अंड्याचा अंशही नसतो. मी चीज ऑम्लेट खाते आणि त्या टोमॅटो ऑम्लेट खातात असं पाहुण्यांना सांगितलं की ते गोंधळात पडतात. साखर त्यांचीही वाढलेली आहे. बेसनात निम्म्याच्या आसपास कर्बोदकं असली तरी सोबत २० टक्क्यांहून जास्त प्रथिनं असतात, त्यामुळे पोह्या-उपम्यापेक्षा ते कितीतरी बरं. त्यांच्या पिठात मी हल्ली बेसन कमी करून कोबी आणि किसलेलं पनीर घालते. उलटताना मोडतं. ‘आई, थोडं मोडलंय,’ म्हटलं की ‘पोटात जाऊन मोडणारच होतं,’ म्हणतात.

पुण्यात चीज ऑम्लेट म्हटलं की पुणे स्टेशनच्या परिसरातलं वोहुमन कॅफे. तिथल्या ऑम्लेटवर चीज असं काही घालतात की खाली अंडं आहे हे विश्वासाने मानावं लागतं. सोबत बनमस्का आणि इराणी चहा नसेल तर तिथे जाऊन काय केलं, असं कोणीही पुणेकर विचारील. मी अजूनही जाते. बनमस्का नवऱ्याचा, त्यातला एक कोपरा माझा. बिनसाखरेचा चहा मागितला तर वेटर ज्या नजरेने बघतो ती सोसायची तयारी ठेवावी.

गोव्याचं रोस ऑम्लेट मात्र पाव सोडणाऱ्याची खरी परीक्षा. कांदा-मिरचीच्या ऑम्लेटवर शागुतीचा दाट रस, वर चिरलेला कांदा, लिंबू, आणि शेजारी पाव किंवा पोई. तो रस पुसून घ्यायलाच पोई जन्माला आलेली आहे. पणजीत संध्याकाळी गाड्यावर उभं राहून चमच्याने रोस ऑम्लेट खाता येतं, चवीत काही कमी होत नाही, पण शेवटी ताटलीत रस उरतो आणि जीव तुटतो. तिथे मी पोई खाते, आणि रात्री जेवत नाही.

हिशेब सांगायचा तर माझ्या घरच्या भरलेल्या ऑम्लेटमध्ये भाज्या, अंडी, चीज सगळं धरून कर्बोदकं अंदाजे १० ग्रॅम, त्यातले दोन-तीन ग्रॅम तंतू. लादीतल्या एका पावात २० ग्रॅमच्या घरात. दोन पाव म्हटले की ४०.

बलकाचं काय, हा प्रश्न येतोच. पिवळं काढून टाकणाऱ्यांची एक अख्खी पिढी आहे. १९६८ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने आहारातल्या कोलेस्टेरॉलला दिवसाला ३०० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आणि एका बलकात २०० च्या आसपास असतं, त्यातून ही भीती बसली. अमेरिकन सरकारच्या २०१५ च्या आहारसूचनांतून ती आकड्याची मर्यादा गेली. रक्तातलं कोलेस्टेरॉल खाण्यातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त चरबीने जास्त वाढतं, हे तोवर मान्य झालं होतं. ज्यांचं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, मुळात चढलेलं आहे किंवा हृदयाचं दुखणं आहे, त्यांनी किती अंडी खायची ते डॉक्टरांनाच विचारावं. पण या हिशेबाने ऑम्लेटमध्ये हात आखडायचा तो तूप आणि चीजला, बलकाला नव्हे. म्हणून एकच क्यूब, आणि वर लोण्याचा गोळा नाही. आणखी एक गोष्ट गंभीरपणे सांगते: जे इन्शुलिन घेतात किंवा ग्लिमेपिराइडसारख्या साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनी असले लेख वाचून परस्पर पाव-भात बंद करू नये. औषधाचा डोस जुन्या जेवणावर ठरलेला असतो. जेवणातली कर्बोदकं एकदम उतरवली की साखर धाडकन खाली येते, घाम फुटतो, हातपाय थरथरतात. आधी डॉक्टर, मग ऑम्लेट.

राहता राहिला सॉस. टोमॅटो केचपच्या एका मोठ्या चमच्यात ४ ग्रॅमच्या आसपास साखर असते, आणि एका चमच्यावर थांबतं कोण? मी बाटली टेबलावरून उचलली आणि तिथे हिरव्या मिरचीचा ठेचा ठेवला, शेंगदाण्याचं कूट न घातलेला. नवऱ्याने दोन दिवस तोंड पाडलं, मग ठेच्यात लिंबू पिळायला लागला. मुलाने सॉसची बाटली स्वतःच्या खोलीत नेऊन ठेवली आहे आणि ऑम्लेटची बशीही तो हल्ली तिकडेच घेऊन जातो. बरोबर पावही नेत असणार. मी बघायला गेलेले नाही. त्याचं वय एकोणीस आहे, त्याने खावा.